जाळ्यातल्या भोकाचा निकाल

जजबाईंच्या घरासमोर दोन लोखंडी खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये एक जाड दोर ताणलेला आहे. तो कपड्यांसाठी नाही. कपडे मागच्या बाजूला वाळतात. पुढच्या दोरावर फाटलेली जाळी टांगतात. सकाळी होड्या परतल्या, की ज्याचं जाळं फाटलं असेल तो ते खांद्यावर टाकतो, धक्क्यापासून वर येणारी चढाची गल्ली चढतो, जाळं दोरावर पसरतो आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा बाजूला उभा राहतो. जजबाई चहा संपवून बाहेर येतात. चहा अर्धा टाकून त्या कुणासाठीच येत नाहीत.

त्या कधी कुठल्या कोर्टात नव्हत्या. त्या जाळी विणतात आणि फाटलेली दुरुस्त करतात. हे नाव त्यांना मच्छीमारांनी चिडून दिलं आणि ते चिकटलं. आता पोस्टमनही तेच म्हणतो. त्यांचे यजमान होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मिस्त्रींचं म्हणणं असं, की बाहेरच्यांना निकाल मिळतो, घरात थेट शिक्षा.

पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींवर सुताची रिळं रचलेली आहेत, त्यामुळे आलेला माणूस उभाच राहतो. खिडकीच्या कट्ट्यावर एका काचेच्या बरणीत जाळं विणायच्या लाकडी सुया आहेत, काही बोटाएवढ्या, काही वीतभर. खिडकीतून गल्ली दिसते, गल्लीच्या टोकाला धक्का दिसतो आणि धक्क्यापलीकडे पाणथळ पसरलेली दिसते. आधी उघडं पाणी, मग पाणकणसाची दाट भिंत. त्या भिंतीमागे आतलं तळं आहे. ते इथून दिसत नाही, पण या गोष्टीतलं सगळं भांडण त्याच्यावरून आहे.

जजबाईंचे वडील जाळी विणायचे. त्यांना दोन मुली. थोरलीला त्यांनी लहानपणीच जाळ्याचं दुसरं टोक धरून बसवलं, कारण टोक धरायला कुणीतरी लागतं. धाकटीला बसवलं, की ती टोक दाराच्या कडीला बांधून खेळायला पळायची. थोरली बसली आणि शिकली. पुढे एकदा बंद पडलेलं इंजिन बघायला आलेला एक मेकॅनिक तिच्याशी लग्न करून इथेच राहिला. धाकटीने मच्छीमाराशी लग्न केलं आणि ती शेजारच्याच घरात आली. दोन घरांमध्ये एक भिंत आहे, तीही पातळ. एका घरात भांडं पडलं तर दुसऱ्या घरातून विचारणा होते.

गावात मासे धरणारे जसे जुने आहेत, तशीच पाणमांजरंही जुनी आहेत. पाणमांजराला जाळ्यात अडकलेला मासा आयता मिळतो. ते जाळं ओढतं, चावतं, मासा काढून घेतं आणि मागे एक भगदाड सोडून जातं. मच्छीमार त्याला चोर म्हणायचे आणि चोराला लोखंडी सापळे लावायचे. सापळ्यांत पाणमांजरं मरायची, कधी बदकं मरायची, एकदा तर पाणकणीस कापणाऱ्या बाईचा पाय अडकला. हळूहळू आतलं तळं ओस पडत गेलं. मग शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी पुढाकार घेतला. मच्छीमार, पाणकणीस कापून चटया करणारे, आणि तळ्याची पातळी ज्यांच्या हातात आहे ते पाणीपुरवठ्याचे लोक यांना त्यांनी एका टेबलाभोवती बसवलं आणि त्यांची समिती केली. ते टेबल बर्फ कारखान्याच्या वरच्या खोलीत आहे. खाली यंत्र चालू असलं की जमीन थरथरते आणि सगळ्यांना आवाज चढवून बोलावं लागतं. मास्तर म्हणतात, त्यामुळे रागावलेला कोण आणि नुसता मोठ्याने बोलणारा कोण हे कळत नाही, आणि बैठका त्यामुळेच टिकल्या.

करार साधा झाला. पाणमांजरांची पिल्लं लहान असतात तेव्हा आतल्या तळ्यात कुणी जाळं टाकायचं नाही. कापणाऱ्यांनी काठालगतचा पट्टा उभा ठेवायचा. पाणीवाल्यांनी पक्षी घरट्यांवर असताना पातळी एकदम उतरवायची नाही. मच्छीमारांनी सापळे द्यायचे, आणि बदल्यात पाणमांजराने जाळं फाडलं तर ते समितीने दुरुस्त करून द्यायचं, फारच फाटलं असेल तर नवं द्यायचं. सापळे जमा झाले. सगळे झाले असं कुणी म्हणत नाही. काही जण अजून आपल्या शेडच्या कोपऱ्यात एखादा ठेवून आहेत, आणि कुणाच्या शेडमध्ये आहे हे बाकीच्यांना माहीत आहे.

राहता राहिला प्रश्न, की भोक पाणमांजराने पाडलं हे ठरवायचं कुणी. जाळं बुडालेल्या बुंध्यात अडकूनही फाटतं, नुसतं कुजूनही फाटतं. मच्छीमारांनीच जजबाईंचं नाव सुचवलं. कारण असं दिलं, की त्या सगळ्यांची जाळी शिवतात आणि सगळ्यांना सारखंच बोलतात.

त्यांची पद्धत अशी. आधी जाळं लांबून बघायचं. मग एक खुर्ची रिकामी करून बाहेर आणायची, भोकाजवळ बसायचं, डोळे मिटायचे आणि तुटलेल्या दोऱ्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवायचा. चावलेला दोरा पिंजलेला आणि चपटा लागतो. बुंध्याने तुटलेला दोरा ताणून बारीक झालेला असतो. कुजलेला दोरा अंगठ्याखाली भुगा होतो. बघून माणूस फसतो, हात सहसा फसत नाही, असं त्यांचे वडील म्हणायचे. मग त्या डोळे उघडतात आणि एकच शब्द बोलतात. पाणमांजर. बुंधा. म्हातारपण. शेवटचा शब्द जाळ्याबद्दल असतो, पण एखाद्या वयस्कर मच्छीमाराला तो लागतोच.

एकदा चौथा शब्द आला. एका मच्छीमाराने नव्या जाळ्याच्या आशेने जुन्याचा बोचका मुठीत धरला आणि सुरीने एका फटक्यात कापला. जाळं उघडल्यावर छान गोल भगदाड दिसलं. जजबाईंनी अंगठा फिरवला आणि टोकं टोचली. सगळी तिरकी कापलेली, सगळी एकाच बाजूला. त्या म्हणाल्या, "माणूस." त्याने फार वाद घातला नाही. खोट्या भोकाला समितीने ठरवलेल्या शिक्षेप्रमाणे त्याला एक हंगाम पाण्यात जाळं टाकता आलं नाही. तेव्हापासून त्याचं नाव सुरीवाला पडलं, आणि आता तो स्वतःही फोनवर "मी सुरीवाला बोलतोय" असंच म्हणतो.

मागच्या वर्षी, हंगामाच्या सुरुवातीला, धाकटीच्या नवऱ्याचं जाळं दोरावर आलं.

हा मेव्हणा जजबाईंच्या आवडीचा माणूस. कमी बोलतो, बोलला तर खोचक बोलतो. त्याचं जाळं जुनं होतं, आणि आठवडाभर आधी चहाच्या टपरीवर तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, की एखाद्या पाणमांजराने हे आख्खंच खाल्लं तर मी त्याला जेवायला बोलावीन. सगळे हसले होते. आता त्याच जाळ्यात गोल, स्वच्छ, डोकं आत जाईल एवढं भगदाड होतं, आणि गल्लीत नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, पाहुणा जेवून गेलेला दिसतोय. दुसरा म्हणाला, आता बघू, घरच्यांना काय निकाल मिळतो.

जजबाईंनी जाळं लांबून बघितलं. पिंजलेला एक दोरा दिसला नाही. मुठीत धरून कापल्यावर होतं तसंच गोल. त्या दिवशी त्या खुर्ची आणायला आत गेल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "माणूस."

मेव्हण्याने जाळं उतरवलं, घडी केली आणि नेलं. त्याने फक्त एवढंच विचारलं, की ताई, नक्की का. त्या म्हणाल्या, नक्की.

तो हंगाम त्याने बर्फ कारखान्यात पेट्या उचलून काढला. बैठका वरच्या खोलीत व्हायच्या तेव्हा तो खाली काम करत असायचा. धाकटी बोलायची बंद झाली. पातळ भिंतीपलीकडून भांडी पडल्याचे आवाज यायचे, पण विचारणा थांबली. मागच्या अंगणात कपड्यांची दोरी दोन घरांत मिळून होती, तिची धाकटीकडची गाठ सोडलेली आढळली. मिस्त्रींनी एक खांब रोवला आणि दोरी आपल्यापुरती बांधली. गावात मात्र जजबाईंचा भाव वाढला. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यालाही सोडलं नाही, असं लोक पाहुण्यांना सांगायचे. त्या वर्षी आणखी दोघांनी शेडमधले सापळे आणून दिले. मास्तरांनी हे बैठकीत सांगितलं तेव्हा जजबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

या वर्षी हंगाम उघडल्यावर थोड्याच दिवसांत धक्क्यावर आरडाओरडा झाला. लंब्या नावाचा एक उंच मच्छीमार, त्याच्या जाळ्यात कासव अडकून आलं होतं. साधं नव्हे. मऊ पाठीचं, टणक कवचाऐवजी ओल्या चामड्यासारखी पाठ असलेलं, नाकाची नळी पुढे आलेलं, परातीएवढं. अशी कासवं पूर्वी होती असं म्हातारी माणसं सांगायची, पण आता हयात असलेल्या बहुतेकांनी ती पाहिली नव्हती. जजबाईंनीही नाही. शाळेची मुलं धावत आली, मास्तर फोटो काढायला आले, पाणीपुरवठ्याचा माणूस गाडी रस्त्यात सोडून आला. मास्तर इतके खूश होते, की त्यांनी लंब्याला मिठीच मारली. लंब्याची तक्रार एवढीच होती, की कासवाने एक भोक पाडलं आणि त्याला सोडवताना मास्तरांनी तीन.

कासव पाण्यात सोडलं. सगळे ते बुडालं तिथे बघत राहिले. जजबाई जाळ्याजवळ बसल्या होत्या. मास्तरांच्या कात्रीची तीन भोकं त्यांनी बाजूला सारली आणि चौथं मांडीवर घेतलं. गोल, स्वच्छ, एक दोरा पिंजलेला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. टोकं टोचली नाहीत. प्रत्येक टोक किंचित दाबलेलं होतं, चिमट्यात धरून तोडल्यासारखं. दोन ओठांसारख्या कडा, वरची टोकं एका बाजूने दाबलेली, खालची दुसऱ्या. कासवाला दात नसतात, नुसत्या धारदार कडा असतात. जाळ्याचा बोचका तोंडात धरायचा आणि मिटायचं, एवढंच ते करतं.

लंब्याने विचारलं, की ताई, याला काय शब्द द्यायचा, आपल्या यादीत कासव नाही. त्या म्हणाल्या, उद्या सांगते. त्यांनी कुणाला उद्यावर टाकल्याचं लंब्याला आठवत नव्हतं.

त्या घरी गेल्या नाहीत, थेट शेजारी गेल्या. दार धाकटीने उघडलं आणि न बोलता आत निघून गेली, पण दार उघडं ठेवून गेली. मेव्हणा मागच्या खोलीत होडीच्या फळीला रंग देत होता. त्याने वर बघितलं नाही. जजबाईंनी विचारलं, की ते जाळं आहे का अजून.

"दारामागे आहे," तो म्हणाला. "शिवलेलं नाही. या वेळी बसून बघा."

जाळं खरंच दारामागे खिळ्याला लटकत होतं, वर्षभराची धूळ खात. मधल्या काळात त्याने उसन्या सुताचं दुसरं जाळं केलं होतं, पण हे कुणाला हात लावू दिलं नव्हतं. धाकटी ते फेकायला निघाली होती तर तो म्हणाला होता, राहू दे, ते अजून बोललेलं नाही. जजबाई जमिनीवर बसल्या. डोळे मिटले. दाबलेली टोकं, वरची एका बाजूने, खालची दुसऱ्या. त्यांनी पूर्ण गोल फिरून अंगठा पुन्हा सुरुवातीला आणला.

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

त्या म्हणाल्या, "बाकी सगळ्यांच्या जाळ्याला मी हात लावते. तुमच्या जाळ्याला लावला नाही. लोक म्हणतील, घरच्या माणसासाठी काहीतरी शोधत बसलीय, म्हणून."

मेव्हण्याने ब्रश डब्यात ठेवला. तो म्हणाला, की हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. खुर्ची आली नाही तेव्हाच. मग त्याने आपली मागणी सांगितली. त्याला नवं जाळं नको होतं. माफीही नको होती, माफी घरात मागतात आणि घरातच राहते. ज्या दोरावर पहिला शब्द बोलला गेला, त्याच दोरावर दुसरा बोलला जावा, आणि होड्या परतायच्या वेळेला.

संध्याकाळी जजबाईंनी मास्तरांना बोलावून सांगितलं. मास्तरांनी आपली काळजी मांडली. ते शहाणे गृहस्थ आहेत आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. सगळा करार एका शब्दावर उभा आहे. आज जजबाई म्हणाल्या की मी चुकले, तर उद्या ज्याला ज्याला बुंधा मिळालाय तो परत येईल. लोक म्हणतील, हिचं काही खरं नाही, आणि शेडमधले सापळे बाहेर निघतील. आतल्या तळ्यात यंदा पाणमांजराची तीन पिल्लं आहेत, त्यांचा विचार करा. मेव्हण्याला समिती गुपचूप नवं जाळं देईल, हंगामाची भरपाई कशीतरी बसवू, गाजावाजा कशाला.

जजबाईंनी यजमानांकडे बघितलं. मिस्त्री एका कार्ब्युरेटरला टूथब्रशने घासत होते. ते म्हणाले, "इंजिन चुकीचं बसवलं तर उघडावं लागतं, मास्तर. झाकणावरून हात फिरवून ते सुरू होत नाही."

सकाळी दोरावर दोन जाळी होती, लंब्याचं आणि मेव्हण्याचं, शेजारी शेजारी. होड्या आल्या, माणसं चढ चढून आली. जजबाईंनी चहा संपवला, खुर्ची आणली आणि बसल्या. आधी लंब्याच्या जाळ्याची टोकं त्यांनी एकेकाला हात लावून बघायला लावली. मग मेव्हण्याच्या जाळ्याची. मच्छीमारांची बोटं जाड आणि कापलेली असतात, पण सूत त्यांना कळतं. मग त्या उभ्या राहिल्या आणि मागच्या वर्षी ज्या आवाजात बोलल्या होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, "कासव. मागच्या वर्षीही कासवच होतं. मी हात न लावता माणूस म्हटलं."

मेव्हण्याने मान हलवली आणि जाळं उतरवायला लागला.

मास्तरांना भीती होती ते लगेचच झालं. गर्दीतून सुरीवाला पुढे आला. त्याचं म्हणणं, की मग त्याच्याही जाळ्याचा फेरविचार व्हावा, त्याचंही भोक गोल होतं, कोण जाणे, कासवच असेल. जजबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो थोडा वेळ टिकला आणि मग हसला. "बरं, विचारून बघितलं," तो म्हणाला, आणि सगळी गल्ली हसली. त्या हसण्याने त्या सकाळचं बरंच काम केलं, पण सगळं नाही. दोघे जण न हसता खाली गेले, आणि त्या दोघांच्याही शेडमध्ये सापळा आहे हे सर्वांना माहीत होतं.

त्या रविवारी बर्फ कारखान्याच्या वरच्या खोलीत बैठक झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत. न हसलेल्या दोघांनी सरळ विचारलं, की मागचे किती निकाल उभ्याने झाले. जजबाईंनी सांगितलं, तो एकच, पण हे त्यांना पटावं असा पुरावा आपल्याकडे नाही. मग त्यांनी काम सोडायची तयारी दाखवली. खाली यंत्र चालू होतं, त्यामुळे हेही ओरडूनच सांगावं लागलं. मास्तर नाही म्हणाले, पाणीवाले नाही म्हणाले. कापणाऱ्यांपैकी एका बाईने विचारलं, की दुसरं कोण बघणार, तुम्ही का, तुम्हाला सूत आणि शेवई यातला फरक कळतो का. प्रश्न मास्तरांना होता. मास्तरांनी तो हसून सोडून दिला.

जजबाईंनी मग एक अट घातली. काम करीन, पण एकटी नाही. शेजारी दुसरी खुर्ची हवी, आणि तिच्यावर असा माणूस हवा ज्याला माझ्या शब्दावर भरवसा ठेवायचं काही कारण नाही. दोघांनी हात लावायचा. दोघांचा शब्द एक झाला तरच निकाल. नाही झाला तर जाळं समितीने शिवायचं आणि कुणावर ठपका नाही.

असा माणूस कोण, असं कुणीतरी विचारलं. उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. मेव्हणा त्या वेळी दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मला एक वर्षाचा सराव आहे. भरवसा न ठेवण्याचा."

न हसलेल्या दोघांपैकी एक जण यावर हसला. दुसरा नाही. हे तंतोतंत सांगायचं कारण असं, की त्या हंगामात एक सापळा समितीकडे आला आणि एक नाही आला.

आता सकाळी खांबांजवळ दोन खुर्च्या असतात. रिळं पुढच्या खोलीत जमिनीवर आली आहेत, आणि मिस्त्री त्यांना अडखळतात. मेव्हणा होडी लावून, हात धुऊन येतो. अंगठा फिरवायला त्याला वेळ लागतो. जजबाई आपला शब्द मनात ठरवून थांबून राहतात, आणि थांबणं त्यांना जमत नाही हे त्यांच्या पायावरून कळतं, तो सारखा हलत असतो. दोघांचा शब्द पहिल्याच महिन्यात दोनदा वेगळा आला. एकदा मेव्हणा बरोबर होता असं जजबाईंना नंतर वाटलं. दुसऱ्या वेळी कोण बरोबर होतं ते अजून ठरलेलं नाही, आणि जाळं शिवून झालं आहे.

लंब्याच्या तक्रारीवरून यादीत कासव आलं. त्यासाठी पाणीवाल्यांनी काठाचा एक रेताड तुकडा कोरडा ठेवायचं कबूल केलं, अंडी घालायला. तिथे अंडी घातली गेली की नाही हे मास्तर सांगत नाहीत. विचारलं की विषय बदलतात. त्यामुळे लोक समजायचं ते समजतात.

धाकटी अजून थोरलीशी थेट बोलत नाही. ती सकाळी नवऱ्याचा चहा बाहेर घेऊन येते आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये उभी राहते. परवा ती नवऱ्याला म्हणाली, की तिला विचारा, मागची कपड्यांची दोरी अशी सैल का लोंबतेय, चादरी जमिनीला लागतात.

जजबाई हाताच्या अंतरावर होत्या, डोळे मिटून, अंगठा जाळ्यावर. त्या मेव्हण्याला म्हणाल्या, की तिला सांगा, एकाच बाजूने ओढलेली दोरी सैलच राहते.

मेव्हणा म्हणाला, "दोघींनी जरा गप्प बसा. मला टोक लागत नाहीये."

धाकटीने कप त्याच्या खुर्चीखाली ठेवला आणि मागच्या अंगणाकडे गेली. थोड्या वेळाने तिच्या घराच्या बाजूने खिळा ठोकल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी खिडकीतून डोकावून पाहिलं आणि परत आत गेले.

"पाणमांजर," मेव्हणा म्हणाला.

"पाणमांजर," जजबाई म्हणाल्या, आणि बरणीतली मधल्या मापाची सुई घेऊन यायला त्याला सांगितलं.